समुपदेशकांना जनवकिली सुपरव्हिजनमध्ये शिकवता येते का?

नदीकाठ
मी समुपदेशक आहे आणि गेली काही वर्षं शिकाऊ समुपदेशकांचं सुपरव्हिजन करते, म्हणजे त्यांच्या केसेसवर दर आठवड्याला त्यांच्याशी बोलते, मार्गदर्शन करते. एका प्रश्नावर अडले आहे म्हणून हा धागा. (ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.)

माझ्या एका ट्रेनीकडे एक बाई येत होत्या. कामावर जायच्या विचारानेच छातीत धडधड, रात्री झोप नाही. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. नव्या साहेबांनी सगळ्या सूचना फोनवर द्यायला सुरुवात केली होती. बैठकाही घाईच्या, एकमेकांचं बोलणं तोडत चालणाऱ्या. बाईंना निम्मं कळायचं नाही, चुका व्हायच्या, मग चारचौघांत बोलणी बसायची. ट्रेनीने सहा सत्रं मनापासून काम केलं. श्वासाचे व्यायाम झाले, विचारांची नोंदवही झाली, 'सगळे मला मूर्ख समजतात' या विचाराची उलटतपासणी झाली. सत्रातून त्या हलक्या होऊन जायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जिथल्या तिथे.

मी रेकॉर्डिंग ऐकून त्याला सांगत होते, तुझं ऐकणं किती सुधारलंय. सातव्या आठवड्यात त्याने विचारलं, "मॅडम, त्यांनी जे सोसायलाच नको, ते सोसायला मी शिकवतोय का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या ऑफिसात काय बदललं तर बाईंची धडधड कमी होईल, हे सहा आठवड्यांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. त्यानेही बाईंना विचारलं नव्हतं. मी विचारत नव्हते, म्हणूनच त्यालाही ते सुचलं नसावं.

सामाजिक न्यायावरचं व्याख्यान त्याने अभ्यासक्रमात ऐकलं आहे, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं आहे. पण केस समोर आल्यावर ते कुठेच दिसलं नाही. जनवकिली, म्हणजे क्लायंटच्या बाजूने समुपदेशनाच्या खोलीबाहेर उभं राहणं, आठवड्याच्या एका तासाच्या सुपरव्हिजनमध्ये कसं शिकवायचं? तुम्ही कसं शिकवता, किंवा कसं शिकलात?

पारिजात
वाचतेय. ट्रेनीचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

देवदार
मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

बाई आराम मिळावा म्हणून आल्या होत्या, आणि समुपदेशकाचं काम ते आहे. ऑफिसची व्यवस्था बदलायला कामगार संघटना आहेत, वकील आहेत, समाजकार्यकर्ते आहेत. आपल्याला त्याचं प्रशिक्षण नसताना आपण त्यात पडलो तर दोन्ही कामं अर्धवट होतात.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. ट्रेनीचं मूल्यमापन सुपरवायझरच्या हातात असतं, त्याच्या सहीशिवाय ट्रेनीचे प्रशिक्षणाचे तास धरले जात नाहीत. अशा नात्यात सुपरवायझरने 'सामाजिक न्याय' म्हटलं की ट्रेनी मान डोलावणारच. त्याला ते पटलंय की मार्क हवेत, हे कसं ओळखणार? वीस वर्षांत मी सुपरवायझरची भाषा तंतोतंत बोलणारे बरेच ट्रेनी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींना क्लायंटचं बोलणं ऐकू येणं बंद झालं होतं. क्लायंटने दुःख सांगितलं की हे त्याच्यावर अन्यायाचं लेबल लावून मोकळे.

शाईपेन
देवदार सरांच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. पहिल्याला नाही.

कोजागिरी
पहिल्या मुद्द्याबद्दल लिहिते, जरा लांबेल.

हे काम आपल्या पेशाला मागाहून चिकटवलेलं नाही. 1908 साली फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, आणि समुपदेशनाच्या पेशाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. पार्सन्स मुळात समाजसुधारक. त्यांचं केंद्र गरीब वस्तीतल्या लोकांसाठी चालणाऱ्या एका सेवागृहात होतं आणि तिथे येणारी बरीच मुलं स्थलांतरित, गरीब घरांतली, मिळेल त्या कामाला जुंपली जाणारी होती. त्याच वर्षी क्लिफर्ड बीअर्स यांनी मनोरुग्णालयात स्वतः भोगलेल्या छळाबद्दल लिहिलं आणि त्यातून मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. म्हणजे माणसाला मदत आणि त्याच्या परिस्थितीत हस्तक्षेप ही दोन कामं सुरुवातीला एकाच घरात नांदत होती. आपण ती नंतर वेगळी केली.

आता नदीकाठताईंच्या प्रश्नाकडे. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनने 2003 मध्ये जनवकिलीच्या क्षमतांचा एक आराखडा मान्य केला, 2018 मध्ये तो सुधारला गेला. मला तो आवडतो, कारण सुपरव्हिजनमध्ये कागदावर काढता येतो. तीन पातळ्या: एक माणूस, त्याच्या भोवतालची संस्था किंवा समुदाय, आणि सार्वजनिक क्षेत्र. प्रत्येक पातळीवर दोन रीती: क्लायंटसोबत काम करणं आणि क्लायंटच्या वतीने काम करणं. असे सहा चौकोन.

मी ट्रेनीला कोरा कागद देते, सहा चौकोन आखायला सांगते आणि म्हणते, या केसमध्ये प्रत्येक चौकोनात काय काय शक्य आहे ते लिही. करायचं नाही, फक्त लिही. नदीकाठताईंच्या केसमध्ये पहिल्याच चौकोनात 'बाईंनी साहेबांना काय सांगायचं याची तयारी' येईल. शेजारी 'बाईंच्या परवानगीने मनुष्यबळ विभागाला पत्र'. खाली 'ऑफिसात असे आणखी कोणी आहेत का, ते एकत्र येऊ शकतील का'. आणखी खाली 'कामाच्या ठिकाणच्या सोयींबद्दलचे नियम'. कागद भरेपर्यंत ट्रेनीची भीती अर्धी होते. जनवकिली म्हणजे मोर्चा, असं त्याच्या डोक्यात असतं. बहुतेक वेळा ती एक नीट लिहिलेली ईमेल असते.

आणि देवदार सर, "बाई आरामासाठी आल्या होत्या" हे खरंच आहे. पण त्यांचा आराम घालवतोय कोण, हे विचारणंही समुपदेशनच आहे ना?

टिपकागद
सहा चौकोन वहीत उतरवले. धन्यवाद कोजागिरी.

मंद्रसप्तक
अवांतर: 'जनवकिली' या शब्दावर मी अडखळतो. 'वकील' आला की समोर खटला, प्रतिपक्ष, न्यायाधीश उभे राहतात. 'पाठपुरावा' हा शब्द कामाच्या जास्त जवळचा नाही का? की 'पाठराखण'? जुना शब्द 'कैवार' आहेच.

कोजागिरी
मंद्रसप्तक, 'कैवार' मला मुद्दाम टाळावासा वाटतो. कैवार घेणारा स्वतःहून घेतो. ज्याचा कैवार घ्यायचा त्याला कुणी विचारत नाही. वकिलाला निदान वकीलपत्र लागतं, समोरच्याने सही केल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. त्यासाठी मला 'वकिली' बरी वाटते.

मंद्रसप्तक
हे वकीलपत्राचं भारी आहे. शब्द मागे घेतो.

रानवारा
वकीलपत्राचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

ट्रेनी असताना मी एका शाळेत काम करत होते. एक मुलगा अडखळत बोलायचा. तोंडी परीक्षेच्या दिवशी हमखास आजारी पडायचा. वर्गात एक शिक्षक त्याची नक्कल करायचे, हे त्याने मला तिसऱ्या सत्रात सांगितलं. माझं रक्त उसळलं. मी सुपरवायझरना सांगितलं, त्यांचंही उसळलं. आम्ही दोघींनी मिळून मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. नाव लिहिलं नव्हतं, पण वर्गात अडखळणारा मुलगा एकच होता.

त्या मुलाला आम्ही विचारलं नव्हतं. त्याच्या पालकांनाही नाही. शिक्षकांना समज मिळाली. नक्कल थांबली. आणि त्यानंतर त्या वर्गात त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं, कारण शिक्षक मुलांचे लाडके होते. तो चौथ्या सत्राला आला नाही. नंतर जिन्यात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तुम्हाला सांगायला नको होतं."

आमचा हेतू चांगला होता. आम्ही बरोबरही होतो, नक्कल करणं चूकच होतं. पण त्या सबंध प्रकरणात त्या मुलाच्या हातात एकही निर्णय नव्हता. सुपरव्हिजनमध्ये आम्ही दोघी एकमेकींच्या संतापाला दुजोरा देत बसलो. "त्याला काय हवंय?" हे दोघींपैकी एकीने तरी विचारायला हवं होतं, आणि ते काम सुपरवायझरचं होतं असं मला आज वाटतं.

आता मी स्वतः सुपरव्हिजन करते. ट्रेनी संतापून आला की आधी संतापाला जागा देते, तो खरा असतो. मग तीन गोष्टी विचारते. क्लायंटने हे मागितलंय का? याची किंमत कोण मोजेल? आणि उलटलं तर क्लायंटच्या सोबत कोण असेल? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पत्र जात नाही.

पारिजात
रानवारा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोपं नसणार.

वाटसरू
"तुम्हाला सांगायला नको होतं" वाचून काही वेळ पुढचं वाचलंच नाही.

देवदार
रानवारा, मी म्हणत होतो त्या धोक्याचं याहून प्रामाणिक वर्णन मी वाचलेलं नाही. तुमचे तीन प्रश्न मी वापरणार.

अंकुर_
मी सध्या ट्रेनी आहे. इथे सगळे सुपरवायझर बोलताहेत म्हणून खालच्या बाजूने लिहितो.

देवदार सर म्हणतात ते खरं आहे, आम्ही मान डोलावतो. माझ्या आधीच्या सुपरवायझर सत्ता आणि विषमता यांवर फार सुंदर बोलायच्या. पण मी म्हणालो की मला एका आठवड्यात अकरा क्लायंट झेपत नाहीत, तर उत्तर आलं, "आम्हीही असंच केलं." त्या दिवसापासून त्यांचं ते बोलणं मला परीक्षेच्या उत्तरासारखं वाटायला लागलं.

आताच्या सरांकडे वेगळं घडलं. आमच्या केंद्रात नियम होता, लागोपाठ तीन सत्रं चुकवली की फाईल बंद. माझ्या एका क्लायंटचं काम पाळीचं, आणि पाळी आदल्या दिवशी कळायची. तिसरं सत्र चुकलं. मी सुपरव्हिजनमध्ये म्हणालो, "तिचं मोटिव्हेशन कमी आहे." सरांनी विचारलं, "हे तुला तिच्याकडून कळलं की आपल्या नियमाकडून?" मी गप्प.

मग म्हणाले, हा नियम बदलता येतो का बघू. मला भीती वाटली, कारण माझी इंटर्नशिप तिथेच. ते म्हणाले, "नाव माझं जाईल, मजकूर तू लिही." क्लायंटला विचारून, तिचा उल्लेख न करता, आम्ही एक पानाचं टिपण केलं. किती फायली या नियमाने बंद झाल्या आणि त्यांतल्या किती जणांचं काम पाळीचं होतं, हे मी केंद्राच्या नोंदवहीतून मोजलं. बैठकीला सर मला सोबत घेऊन गेले. मी दोनच वाक्यं बोललो, तेवढ्यातही आवाज कापत होता. नियम पूर्ण गेला नाही, पण 'बंद करण्याआधी एकदा फोन करून वेळ बदलून द्यावी' एवढी भर पडली.

त्या बैठकीत मी जे शिकलो ते सहा महिन्यांच्या वर्गात शिकलो नव्हतो. सरांनी आधी माझी बाजू घेतली होती. कुणी आपल्या बाजूने, आपल्याला विचारून उभं राहिलं की कसं वाटतं हे आता मला माहीत आहे. नदीकाठ मॅडम, तुमच्या ट्रेनीने प्रश्न विचारायचं धाडस केलं, म्हणजे तुमच्याकडे तेवढी मोकळीक आहे. माझ्या पहिल्या सुपरवायझरना मी तो विचारला नसता.

शाईपेन
अंकुरच्या सरांना कुणीतरी हा धागा दाखवा. :)

मंद्रसप्तक
अंकुर, तू सांगतोयस त्याला 'समांतर प्रक्रिया' म्हणतात. 1955 मध्ये हॅरल्ड सर्ल्स यांनी मांडलं की थेरपीच्या नात्यात जे चाललेलं असतं ते सुपरव्हिजनच्या नात्यात उमटतं. ते उलट दिशेनेही उतरतं असं नंतरच्या लोकांनी लिहिलं. ट्रेनीला गप्प बसवणाऱ्या सुपरव्हिजनमधून क्लायंटला बोलतं करणारा समुपदेशक कसा तयार होईल?

टिपकागद
मी जॅनीन बर्नार्ड यांचं 1979 चं मॉडेल वापरते, बहुतेकांना माहीत असेल. सुपरवायझर तीन भूमिकांत फिरतो: शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. जनवकिलीच्या बाबतीत माझी चूक अशी व्हायची की मी शिक्षकाच्या भूमिकेतून हलतच नव्हते. हा नियम असा, हा अर्ज तिकडे, हा फोन नंबर. ट्रेनी सगळं लिहून घ्यायचा आणि करायचा काहीच नाही.

एकदा विचारलं, "तो फोन करायला तुला काय अडवतंय?" तो म्हणाला, लहानपणापासून घरी शिकवलंय, वरच्यांशी वाद घालायचा नाही. मग तिथे समुपदेशकाची भूमिका आली. त्याच्या त्या भीतीवर आम्ही दोन भेटी घालवल्या (थेरपी नव्हे, कामापुरतंच). तिसऱ्या भेटीत मी कार्यालयातली वैतागलेली कारकून झाले आणि त्याने मला फोन केला. मी दोनदा फोन आपटला. तिसऱ्यांदा त्याने शांतपणे विचारलं, "हा निर्णय तुमच्या अखत्यारीत नसेल तर कुणाच्या आहे, ते सांगाल का?" हे एक वाक्य त्याला आयुष्यभर पुरेल. खऱ्या फोनच्या वेळी मी फक्त शेजारी बसले होते.

पारिजात
"अखत्यारीत" वाक्य मी पाठ करतेय.

देवदार
कोजागिरी, अंकुर, टिपकागद, तुम्ही तिघांनी मला विचार करायला लावलंय. 'समुपदेशकाचं काम नाही' असं मी लिहिलं होतं. आता त्याऐवजी म्हणेन, 'शिकवल्याशिवाय करू नये असं काम आहे.' अंकुरच्या सरांनी मजकूर त्याच्याकडून लिहून घेतला आणि नाव स्वतःचं दिलं, हे मला सगळ्यात पटलं. त्यांनी जोखीम हुद्द्याप्रमाणे वाटून घेतली.

पण माझी एक शंका शिल्लक आहे. सगळ्या सुपरवायझरना ही मोकळीक नसते. संस्थेविरुद्ध बोललं तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे ट्रेनीच येत नाहीत. आणि ट्रेनी आधीच थकलेले असतात. त्यांच्या पाठीवर जगाचा अन्याय ठेवायचा का?

कोजागिरी
शंका रास्त आहे. थकण्याबद्दल माझा अनुभव थोडा उलटा आहे. ट्रेनीला सर्वांत जास्त थकवा मी तेव्हा पाहिला, जेव्हा तेच दुःख आठवड्यामागून आठवडे ऐकायचं आणि त्याच्या मुळाला हातच लावायचा नाही असं चालू होतं. एक छोटी गोष्ट हलली तरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण 'एक छोटी' हे सुपरवायझरने लावून धरायला हवं. एका वेळी एकच चौकोन.

संस्थेच्या दबावाला माझ्याकडे उत्तर नाही. मी एकटी कधीच बोलत नाही, आणखी दोन सुपरवायझर सोबत घेते. तरीही दोनदा फटका बसलाय.

वाटसरू
एक गोष्ट राहतेय. आतापर्यंत सगळे क्लायंटच्या परिस्थितीबद्दल बोलले. सुपरवायझर आणि ट्रेनी स्वतः कुठे उभे आहेत त्याचं काय?

मी व्हीलचेअर वापरतो. ट्रेनी असताना माझे सुपरवायझर जिना चढून बसायच्या खोलीत भेटी ठेवायचे, मला उचलून नेलं जायचं, आणि त्या खोलीत आम्ही क्लायंटच्या प्रतिष्ठेबद्दल बोलायचो. ते प्रेमळ गृहस्थ होते, पण सहा महिने ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. मीही बोललो नाही, कारण सही त्यांची लागायची.

वेगवेगळ्या संस्कृतींतल्या क्लायंटसोबत काम करण्यासाठी समुपदेशकात काय हवं, हे सांगणाऱ्या 1992 च्या 'बहुसांस्कृतिक क्षमतां'मध्ये दृष्टिकोन, ज्ञान आणि कौशल्य असे तीन भाग होते. त्यांच्या 2015 च्या सुधारित आराखड्यात 'कृती' हा चौथा आला. त्याच आराखड्यात असंही आहे की समुपदेशक आणि क्लायंट यांच्यातलं कोण कुठल्या बाबतीत वरचढ आणि कुठल्या बाबतीत वंचित, हे दोघांचंही पाहायचं. मी ते सुपरव्हिजनला लावतो. पहिल्याच भेटीत ट्रेनीला सांगतो, "या नात्यात सही माझ्या हातात आहे. मी पुरुष आहे, वयाने मोठा आहे. चालू शकत नाही. या सगळ्याचा तुझ्या बोलण्यावर परिणाम होईल. झाला की सांग, आणि सांगितल्याने तुझं मूल्यमापन बिघडणार नाही हे मी लिहून देतो." लेखी देतो, खरंच. नुसत्या बोलण्यावर मी तरी त्यांच्या जागी विश्वास ठेवला नसता.

रानवारा
लेखी देणं! हे उद्यापासून.

देवदार
वाटसरू, माझी भेटीची खोली पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. तुमचं वाचून उठून बसलो. सोमवारी जागा बदलायचं बोलतो.

नदीकाठ
उशिरा येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पुढे काय झालं ते सांगते, ट्रेनीची परवानगी घेऊन.

आम्ही कोजागिरींचे सहा चौकोन भरले. मग रानवारांचे तीन प्रश्न. पहिल्यालाच अडलो, बाईंना काय हवंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्याने पुढच्या सत्रात विचारलं. आम्हाला वाटलं होतं त्या पत्र मागतील. त्यांनी पत्र नको म्हटलं. म्हणाल्या, "माझ्या वतीने कुणी बोललं की साहेबांना वाटेल मला बोलताही येत नाही." त्यांना स्वतः लिहायचं होतं. फक्त रडू न येता काय मागायचं ते कळत नव्हतं.

दोन सत्रं मजकुरावर गेली. ट्रेनीने एक शब्दही सुचवायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं, त्याला ते फार जड गेलं. शेवटी चार ओळींची ईमेल झाली: सूचना लेखी द्याव्यात, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मिळावेत, एका वेळी एकाने बोलावं. लेखी सूचना सुरू झाल्या. मुद्दे कधी येतात, कधी नाही. बैठकीतला गोंधळ तसाच आहे. धडधड कमी आहे, गेलेली नाही. श्वासाचे व्यायाम त्या अजून करतात, आणि आता म्हणतात की ते बैठकीआधी उपयोगी पडतात.

वाटसरूंचं वाचून मी ट्रेनीला विचारलं, तो प्रश्न तू सातव्या आठवड्यात का विचारलास, आधी का नाही? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिसऱ्या आठवड्यात विचारणार होतो. तुम्ही माझं कौतुक करत होतात, मला ते घालवायचं नव्हतं."

त्यावर आमची पुढची भेट आहे. मी माझ्या सुपरव्हिजनचं रेकॉर्डिंग त्याच्यासोबत ऐकणार आहे, आणि कुठे थांबवायचं ते बटण त्याच्या हातात असेल.